लाखेखालची फ्लॉपी

ती घटना आठवली नाही असा आठवडा जात नाही. केस डायरीत मी एक वाक्य खोटं लिहिलं, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तालुक्याच्या गावी संगणकाचे क्लास निघू लागले होते ते दिवस. मी गेवराई तालुक्यात फौजदार होतो. उमापूरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी अशाच एका क्लासमध्ये शिकवायची. सोमवारी क्लासला म्हणून निघाली, ती घरी परतलीच नाही. बाप रोज ठाण्यात येई. कपाळावर विभूती, टोपी हातात. एकच विचारी, "साहेब, जिती हाय का न्हाई, तेवढं सांगा."

गुरुवारी क्लासशेजारचा शिंपी आपणहून आला.

"हसू नका साहेब. काल भर दुपारी क्लासचं शटर खाली होतं अन् आतून काम्पुटरची बटनं बडवल्याचा आवाज यायलता. म्या म्हनलं, मास्तर असतील. तर मास्तर समोरून सायकलीवर आले! माझ्याकडं पानी पिले. आत आवाज चालूच."

"मग?"

"शटर उघडलं, तर कोनी न्हाई. मागचं दार सताड उघडं. मास्तर म्हनले, खुर्ची गरम हाय."

क्लासवाल्या मास्तरला ठाण्यात बसवलं. "तूच गायब केलीस ना बे तिला?"

"आईशपथ न्हाई साहेब. दुसरी चावी तिच्याकडंच असती."

"मग कालच सांगितलं कावून न्हाई?"

"क्लासात भूत हाय म्हनल्यावर फी भरून कोन येईल, साहेब?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. क्लासवर गेलो, तिथं मास्तरनं संगणक लावून दाखवला. तिची एक फाईल होती आणि ती जतन झाल्याची वेळ बुधवार दुपारची होती. उघडली, तर वर एक इंग्रजी ओळ आणि खाली नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटकी अक्षरं.

"कुलूपबंद हाय," मास्तर म्हणाला. "किल्ली म्हंजी उघडायचा संकेत. फ्लॉपीवर ठेवायची ती."

मास्तरला बाहेर पाठवून तिच्या टेबलाचा खण तपासला. फ्लॉपी मिळाली. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'आप्पांसाठी'. घरात बापाला आप्पाच म्हणत. आधी फाईल उघडू, मग त्यांना सांगू, असं मी ठरवलं. पंचनाम्यात 'एक फ्लॉपी' एवढंच लिहिलं. पंचांनी न पाहताच सह्या केल्या.

मग सुरा असो की बाटली, आम्ही जे करतो तेच केलं. कापडात गुंडाळली, सुतळीची गाठ मारली, गाठीवर वितळलेली लाख ओतली, पितळी मोहोर दाबली.

"लाख जरा जास्त पडली, साहेब," हवालदार म्हणाला.

"पडू दे. सील पक्कं पाहिजे."

आठवड्यानं औरंगाबादहून संगणकाचा जाणकार आला. सील फोडलं. गरम लाख कापडातून आत झिरपली होती, प्लास्टिक वाकडं झालं होतं, आतली चकती चिकटली होती.

त्यानं समजावलं, की फाईलीची वरची ओळ म्हणजे नुसती पाटी, कोणत्या सॉफ्टवेअरनं बंद केली ते सांगणारी. खाली मजकूर सगळा आहे, एक अक्षर गेलेलं नाही. पण ज्या किल्लीनं तो विस्कटला, तिच्याशिवाय जुळणार नाही. त्यानं अंदाजानं एक किल्ली घालून पाहिली. पडदा भरला, पण निराळ्याच चिन्हांनी. "चुकीची किल्लीही काहीतरी दाखवते साहेब. त्याला अर्थ नसतो." ती चिन्हं ओळीओळीनं वर सरकत होती. तोंड दाबलेलं माणूस बोलू बघतंय असं वाटलं.

"फ्लॉपी अशी कशी झाली?" त्यानं विचारलं.

"सापडली तेव्हाच अशी होती," मी म्हणालो. तेच डायरीत लिहिलं. चिठ्ठी लाखेला चिकटून आली होती, ती खरवडून खिशात घातली.

व्हरांड्यात बापाला सांगितलं, तिची फ्लॉपी मोडकीच सापडली, फाईल आता उघडणार नाही. त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "तिनंच मोडली म्हनायची. मला काई सांगायचंच नव्हतं तिला."

मी मान डोलावली.

मुलगी सापडली नाही. जिवंत नाही, मेलेली नाही. नोकरीभर मी समोरच्याचं खोटं ओळखत आलो, आणि ते बहुतेक भीतीपोटीच असतं हे शिकलो. मास्तरला क्लास बंद पडायची भीती होती, मला खातेनिहाय चौकशीची. त्याचं खोटं एका दिवसात बाहेर आलं.

आप्पा अजून उमापुरात आहेत. मी दोनदा गेवराईपर्यंत जाऊन परत फिरलो. मी त्यांचं एवढंच देणं लागतो, की समोर उभं राहून सांगायचं: तुमच्या मुलीनं किल्ली तुमच्यासाठी ठेवली होती, ती मी जाळली.