शिवाप्पा पैलवानांचा दगड आणि मोंढ्यातला काटा

मंगळवारी गावात एका दगडाचं वजन केलं. तेवढ्यावरून चार माणसांनी माझ्याशी बोलणं सोडलंय… सोडू द्या.

गाव आमचं निलंगा तालुक्यात. तालमीसमोर एक काळा, गोल दगड आहे, शिवाप्पा पैलवानांनी उचललेला. सध्या तालमीची दुरुस्ती चाललीय, तर दगडापाशी ग्रॅनाइटची पाटी बसवायचं ठरलं. मी शाळेत शिकवतो, म्हणून मजकूर लिहायला मला बोलावलं.

पैलवान आता हयात नाहीत. त्यांचा नातू महेश, त्यानं मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बहात्तरचा दुष्काळ, चार दिवसांचा उपास, तीन क्विंटलचा दगड, तो खांद्यावर घेऊन गावाला पूर्ण फेरी… आणि खाली 'शब्दांकन' म्हणून माझं नाव!

वाचूनच डोकं फिरलं. कारण तो दिवस मी डोळ्यांनी पाहिलाय. दुष्काळात नाही, त्यानंतर दहा वर्षांनी, लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा. गुलाल उधळला होता, हलगी वाजत होती आणि मी वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो. पैलवानांनी दगड मांडीवर घेतला, छातीला लावला, खांद्यावर चढवला, थोडा वेळ धरला आणि तिथंच खाली सोडला. फेरीबिरी काही नाही, एक पाऊल चालले नाहीत.

दुष्काळातली गोष्ट वेगळीच आहे. त्या साली पैलवान रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, सरकारनं वाटलेली सुकडी खात होते. वडील त्यांच्या शेजारीच बसायचे. "शिवाप्पाला तवा पाण्याची घागर उचलंना झालती," असं वडील सांगायचे. त्या हालतीतून माणूस परत तालमीत गेला, शरीर पुन्हा कमावलं आणि दहा वर्षांनी हा दगड उचलला. हे कमी आहे का हो? एवढं खरं समोर असताना खोट्याची हौस कशाला?

महेशला हे सगळं सांगितलं. तर म्हणाला, "सर, तुम्ही लहान होता, तुम्हाला काय आठवायलंय." बरं म्हटलं, माझी आठवण राहू दे बाजूला, आपण वजनच करू.

निलंग्याच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, वजनकाटा टेम्पोत टाकून आणला. काट्याबरोबर गंगारामभाऊ आले. ते तिथले हमाल, वय साठीच्या घरात. माझे वडीलही तिथंच हमाल होते, शेवटची काही वर्षं दोघांनी एकाच दुकानी पोती वाहिली.

तालमीतली पोरं मोबाईल काढून तयार. काटा मांडला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, दगड त्याच्यावर ठेवणार कोण? "चौघं लागा रे" म्हणेपर्यंत गंगारामभाऊंनी रुमाल डोक्याला गुंडाळला, उकिडवे बसले, दगड लोळवत मांडीवर घेतला, त्याला कवळा घातला आणि उठले. "कुठं ठिवू, गुरुजी?" म्हणून मलाच विचारायले.

काट्यावर आकडा आला, अठ्ठ्याऐंशी किलो.

मग सुरू झालं. आधी म्हणे, काटाच खराब आहे. दुरुस्तीची सिमेंटची पोती तिथंच होती, त्यातलं एक दगडावर ठेवलं तर काटा बरोबर पन्नासनं वाढला. मग म्हणे, "दगड झिजला आसंल." अरे, दोनशे किलो झिजला? दगड आहे का साबणाची वडी?

माझा आवाज चढला. म्हटलं, "बरं, तीन क्विंटल तर तीन क्विंटल! मग आत्ता तुमच्या देखत गंगारामभाऊंनी तीन क्विंटल उचलले. पाटीवर त्यांचंही नाव घाला. नाहीतर अठ्ठ्याऐंशी लिहा. दोन्हीतलं एक करा."

महेश हसला. "सर, त्ये हमाल हायत. त्यांचं त्ये कामच हाय."

तिथं माझी सटकली. माझ्या वडिलांच्या मानेवर पोत्यांनी गाठ आली होती, उशीवर धड डोकं टेकवता यायचं नाही. शंभर किलोचं पोतं पाठीवर, दिवसातून किती वेळा कुणी मोजलंच नाही. त्यांचंही ते कामच होतं! एकदा उचललं की ग्रॅनाइटची पाटी, आणि रोज उचललं की चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी… काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं नाव पाटीवर येणार नाही, एवढं शेवटी बजावलं. बोलल्याचा पस्तावा अजिबात नाही.

निघायची वेळ झाली, तर दगड काट्यावर तसाच. जिमला जाणारी चार पोरं लागली. दगड गुळगुळीत, हातातून निसटायला लागला, एकाचं बोट थोडक्यात वाचलं. गंगारामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला, दगड छातीशी धरला, दहा पावलं चालले आणि होता तिथं नीट बसवला. या वेळी एकाचाही मोबाईल वर नव्हता.

टेम्पोत मी अजून धुमसतच होतो. गंगारामभाऊंनी डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला. मग म्हणाले, "गुरुजी, छातीपतुर आला. पर खांद्यावर न्हाई जायचा माझ्याच्यानं… त्यो पैलवानानं न्हेला म्हंजे लई मोठा गडी."

एवढ्या गावात पैलवानांची खरी किंमत या एकाच माणसाला कळली, ती पण दगड स्वतः उचलल्यावर. भाऊ, तुमचे उपकार आहेत.

तालमीसमोर तीन क्विंटलची पाटी लागेल, लागू द्या. माझी पाटी मी इथं लावतो…

शिवाप्पा पैलवान. दगड अठ्ठ्याऐंशी किलो. एकट्यानं खांद्यावर घेतला, मी पाहिलंय.
गंगारामभाऊ, हमाल. तोच दगड. मंगळवारी, दोनदा.