डावीकडे काय, उजवीकडे काय

वकीलमामांच्या मोटरीत गप्प बसायला बंदी होती. शेजारी बसणाऱ्याने वाटेत जे दिसेल ते मोठ्याने सांगत राहायचं, हा त्यांचा नियम. जरा थांबलं, की ते समोरची नजर न काढता विचारत, "डावीकडे काय?" ते सांगितलं की लगेच, "आणि उजवीकडे?" कुणी चुकून म्हणालं, "किती छान वाटतंय!" तर म्हणत, "काय वाटतं ते कोर्टात चालत नाही. काय दिसतं ते सांग."

महाडला त्यांची वकिली होती. साक्षीदाराला बोलतं करायची सवय मोटरीतही सुटत नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. ते मुरुडला आमच्याकडे आले की घरातली मुलं मोटरीकडे धावत आणि मी पुस्तक घेऊन पडवीत बसून राही. माझं नाव त्यांनी 'मुकी' ठेवलं होतं. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा त्यांना हसू आवरेना. "मुके, वर्गात काय खुणा करतेस?"

त्यांच्या पानाशेजारचं फुलपात्र हमखास कलंडे. आम्ही हसत असू. मामी फडकं आणी, पाणी टिपून घेई आणि फुलपात्र उचलून त्यांच्या अगदी समोर ठेवी. "धांदरट आहेत," एवढंच म्हणे. मीही हसत असे. आज ते फुलपात्र आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या वर्षी नवरात्र संपलं, तरी पाऊस जायचं नाव घेईना. मी सुट्टीत महाडला गेले होते. सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "चल, तुला वरंध घाट दाखवतो."

"अहो, या पावसात?" मामी म्हणाली.

"घाट पावसातच बघायचा. उन्हात काय, नुसते दगड."

मामी त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने डब्यात भाकऱ्या आणि लसणीची चटणी भरली. मोटरीत पुढे नेहमी ती बसायची. त्या दिवशी मागे, मामांच्या पाठीशी बसली आणि मला म्हणाली, "आज तू बस पुढे. घाट नीट दिसेल. पण तोंड मिटून बसू नकोस हो."

मोटर जुनी होती. काच पुसायचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो फिरवत मी सांगू लागले. डावीकडे भात आडवं झालंय. उजवीकडे बांधावर एक माणूस इरलं घेऊन उभा आहे. पुढून बैलगाडी येतेय.

"धडा वाचतेस होय?" मामा म्हणाले. "जरा जीव ओत त्यात."

बिरवाडी मागे पडली, चढण लागली. ढग रस्त्यावर उतरले होते. मामा मोटर अगदी हळू चालवत होते आणि मी बोलत होते. दगडी कठडा. पाण्याची धार. माकडं भिजत बसलीत. बोलायचा मला कधी नव्हे तो धीर आला होता. स्वतःचा आवाज ऐकून गंमत वाटत होती.

एका वळणाच्या अलीकडे डावीकडचा ढग फाटला. खाली दरी, आणि समोरच्या कड्यावरून वरपासून खालपर्यंत पांढऱ्या धारा. वाऱ्याने त्यातल्या काही उलट वर उडत होत्या. तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. माझा दांड्यावरचा हात थांबला. मी गप्प झाले.

मोटर सरळ जात राहिली.

"अहो, उजवी! उजवी!" मागून मामी किंचाळली.

मामांनी "काय झालं?" म्हणून विचारलं नाही. त्याच क्षणी चाक उजवीकडे फिरवलं आणि ब्रेक दाबला. माझ्या बाजूचं चाक कठड्याच्या ढासळलेल्या दगडांवर चढून थांबलं. एक दगड खाली गेला. तो कुठे पडला ते ऐकूच आलं नाही.

टपावर पाऊस वाजत होता. मग मामांनी, फुलपात्र मागावं तशा साध्या आवाजात विचारलं, "मुके, काय दिसत होतं?"

"धबधबे," मी म्हणाले. "मामा, तुम्हाला वळण दिसलं नाही?"

"नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. नळीतून बघावं तसं समोरचं दिसतं, तेवढंच. तेही जाणार आहे."

"मग मला दाखवायला कशाला आणलंत?"

"तुला नव्हे गं. मलाच बघायचा होता."

मी मागे वळून पाहिलं. मामीच्या चेहऱ्यावर भीती होती, आश्चर्य मात्र नव्हतं. "मामी, तुला माहीत होतं?"

उत्तर मामांनीच दिलं. "मोटर तीच चालवते. मी नुसतं चाक फिरवतो."

मामीने पुढे वाकून चावी काढली आणि पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. "उतरा," ती म्हणाली. "मोटर आणायला उद्या कुणीतरी येईल."

पावसात उभे राहून आम्ही भोरकडून येणाऱ्या एसटीला हात केला. मामा खिडकीशी बसले, मी शेजारी. मामा म्हणाले, "बोल." मी बोलू लागले. गाडीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मान वळवली. "पोरी, आमाला दिसतंय की! कुनाला सांगतीस?"

"मला सांगतेय, आजी," मामा म्हणाले. "तुम्हीही सांगा."

"मंग आयका. त्यो बगा बैल भिजतोय बिचारा, आन् धनी बसलाय झाडाखाली, मेला!"

सगळी गाडी हसली. मामाही हसले. मामी हसली नाही. पदराची गाठ तिने मुठीत धरली होती.

मोटर विकली. पुढे वकिली आवरून मामा-मामी मुरुडला आमच्याच वाडीतल्या घरात राहायला आली. उरलेली नजरही गेली. मामा पडवीत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारत, डावीकडे काय, उजवीकडे काय. शाळा सुटली की ती पाळी माझी. मला बोलायची सवय लागली ती तिथे.

ते गेले तेव्हा मी वर्गात होते. सकाळीच तर "येताना बाजारात काय दिसतं ते बघून ये" म्हणाले होते. धावत आले, तर त्यांना ओटीवर निजवलेलं. भोवती माणसं खालमानेने उभी. मी त्यांच्या डाव्या हाताशी बसले. रडूही येईना.

मामी म्हणाली, "मुके, गप्प का? त्यांना चालायचं नाही."

मी सांगू लागले. "पाऊस उघडलाय, मामा. अंगणात माडाची झावळी पडलीय. होड्या परत येताहेत. पहिली किनाऱ्याला लागली." मग "मला वाटतं..." म्हणाले, आणि थांबले. ते त्यांना चाललं नसतं.

मामीने वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, "उजवीकडचं राहिलं."

उजवीकडे मामी बसली होती.