कल

नदीकाठच्या ग्वारीघाटावर सकाळी फिरायला जातो तेव्हा वरच्या कोरड्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. शेजारी गमछा पसरून जागा अडवतात. कुणी बसू लागलं की हात आडवा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी खिशातला कागद मांडीवर सरळ केला. मुलाचं जुनं विमानाचं तिकीट होतं, ऑकलंड ते सॅन फ्रान्सिस्को.

"साडेदहा हजार किलोमीटर, बारा तास," ते म्हणाले. "गुरुवारी रात्री आठला चढला अन् त्याच गुरुवारी दुपारी एकला उतरला. चढायच्या आधीच!"

मी त्यांना समुद्रातली तारीख बदलणारी रेषा समजावली.

"अच्छा, ठीक. उतरला तो तिकडे नोकरी करून राहिला. पण रात्री जो चढला, तो कुठी गेला?"

मी हसलो.

"काहून हसता, भैया?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मुलाचा फोटो होता. त्यांनी उचलला नाही. "हा उतरलेला. आवाज तोच आहे, पण मेलेल्या आईचं नावसुद्धा काढत नाही."

"मग दुसऱ्याचं येणं कधी?"

"कल."

इकडच्या हिंदी मुलखात आमच्या घरोघरच्या मराठीत हा हिंदी शब्द सर्रास येतो. अर्थ क्रियापदावरून लावायचा. इथं क्रियापदच नव्हतं.

"काल, की उद्या?"

त्यांनी गमछा उचलला आणि रिकाम्या दगडाकडे वळून ते म्हणाले, "सरक बेटा, भैयाला बसू दे."

जागा भरपूर होती. मी उभाच राहिलो.