चौदा नंबरचा शिक्का

वसईजवळच्या नंदाखालचा कॉन्रॅड लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, तेव्हा बायको डेल्फिनला वाटलं, आता हा निवांत केळीला पाणी घालेल. पण सहा महिन्यांत कामणच्या एका कारखान्याने त्याला उचललं. तिथे तोफेच्या दारूगोळ्यासाठी लाकडी पेट्या बनत. मालकाला लाकूड कळणारा माणूस नकोच होता, त्याला साहेब ओळखणारा हवा होता. पेट्या तपासायला येणारे मेजरसाहेब एकाहत्तरच्या लढाईत कॉन्रॅडच्याच डेपोवर होते. आपल्या इमानाचं चीज झालं, असं भोळ्या कॉन्रॅडला वाटलं. आणि तिथेच त्याची फसगत झाली.

साहेब येत, चहा घेत, वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळीची करंडी गाडीत ठेवून घेत. पुढे त्यांना येणंही जड झालं. "तू आपलाच माणूस," म्हणत त्यांनी तपासणीचा चौदा नंबरचा सरकारी शिक्का कॉन्रॅडच्याच हवाली केला. कॉन्रॅडची छाती केवढी फुगली! नारळ टिचकी मारून ओळखणारा हा वाडीतला माणूस. फळी ओली आहे हे त्याला बोट लावताच कळे. पण साहेबांचा शब्द कसा मोडायचा? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. ओल्या पेट्यांवरही तो शिक्का मारत गेला.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात मुलगा आग्नेल रजेवर आला. तो तोफखान्यात होता. जेवताना घास हातात धरूनच तो बोलला, "पपा, सरावात एक गोळा आखूड पडला. आमच्याच पुढच्या चौकीजवळ. एका पोराचा पाय गेला."

"कसा रे?" डेल्फिनने छातीवर क्रुसाची खूण केली.

"पेटी ओली होती, आतली दारू सादळलेली. वर चौदा नंबरचा शिक्का. तो मारणाऱ्यालाच तोफेपुढे उभा केला पाहिजे!"

कॉन्रॅडने ताट बाजूला सारलं.

सकाळी तो शिक्का परत करायचा म्हणून कामणला गेला. साहेब आलेच होते, पण आज मालकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"एक तारखेपासून मी इथला मॅनेजर," साहेब हसून म्हणाले. "माझ्या जागी येणारा माझ्याच हाताखाली शिकलाय. शिक्का तुझ्याकडेच राहू दे."

कुंपणच शेत खात होतं, मग गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे? कॉन्रॅडने शिक्का टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलून कारकुनाच्या हातात दिला आणि चहा मागवला.

घरी येऊन त्याने आग्नेलला वाडीत बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आग्नेल तडक घरात गेला. आणि ट्रंक भरू लागला. रजा अजून बारा दिवस बाकी होती.

"कुठं चाललास?" कॉन्रॅडने दारातून विचारलं.

"तिकडं त्या पेट्या अजून उघडतायत, पपा. जाऊन सांगायला पाहिजे." तो थांबला. "शिक्का कोणी मारला विचारतील. काय सांगू?"

"माझं नाव सांग," कॉन्रॅड म्हणाला. "पहिलं माझंच सांग."