फिलूमावशीचा केक

सून नातीच्या वाढदिवसाला रवा-खोबऱ्याचा केक भाजते. घरभर वास सुटतो आणि मला किळस येते. केकची नव्हे, माझीच.

मालवणात माझा सातवा वाढदिवस होता. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आईने औक्षण केलं, संध्याकाळी पाच-सहा पोरं जमली. शेजारची ख्रिस्ती फिलूमावशी वर-खाली निखारे ठेवून भाजलेला रवा-खोबऱ्याचा केक ताटलीतून घेऊन आली. त्यातली अंडी आमच्याच कोंबड्यांची, सकाळी आईनेच तिला दिलेली.

आईने हसून ताटली घेतली. मावशीची पाठ वळताच तिने परसात जाऊन केक कोंबड्यांपुढे कुस्करला. आम्ही रोज मासे खाणारी माणसं, पण मावशीच्या हातचं आमच्या घरात चालत नव्हतं. आपलीच अंडी घातलेला तो पिवळा चुरा कोंबड्या शिटेतून टिपत होत्या. मी दारात उभा होतो, तोंडाला पाणी सुटलेलं.

शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. आईने ती घासली, तिच्यात साखर घातली आणि माझ्या हातात दिली.

"मावशेक सांग, केक बरो झालेलो."

मी तसंच सांगितलं. वर, "सगळो मियाच खाल्लंय," हे माझ्या मनाचं जोडलं.

मावशीने माझा गाल कुरवाळला. "मगे फुडल्या वर्साक मोठो करीन हां, बाबू."

तिने शब्द पाळला. आम्ही गाव सोडेपर्यंत केक दरवर्षी मोठा होत गेला. तो कसा लागायचा, हे मला अजून माहीत नाही.