तपासलेले दाणे

सांबशिवमामा कॉफीची पूड घरी आली की आधी थंड पाण्यावर चिमूटभर टाकून बघायचे. तरंगली तर कॉफी. बुडून पाण्याला रंग सुटला तर चिकोरीची भेसळ. दुकानदार त्यांचा शाळासोबती होता, तरीसुद्धा. "ओळखीचा आहे, म्हणून तर जास्त बघायचं," असं वर आम्हालाच ऐकवायचे. माझे सख्खे मामा, पण त्यांच्या घरात साधं "बरी आहे" म्हणतानाही मला धास्ती वाटे.

सगळी नोकरी मद्रास बंदरात, कस्टम्समध्ये गेली. बाहेरून आलेला माल खरोखर काय आहे हे ठरवून त्याला योग्य सदरात घालायचं, हे त्यांचं काम. कथलाची खनिज वाळू, म्हणजे जमिनीतून काढून धुतलेली, तिला जकात एक. भट्टीत धातू काढून उरलेल्या मळीला दुसरी. दोन्ही काळ्या आणि जड. त्यामुळे जकात वाचवायला लोक मळीला बिनदिक्कत खनिज म्हणत. पोत्यावरचं वाचायचं, मानायचं नाही, हा मामांचा बाणा. निवृत्त होऊन तंजावूरला परतले तेव्हा बंदर तिकडेच राहिलं, शंका मात्र सामानाबरोबर आली.

त्यांच्या मुलीला, हरिताला, पापनाशमच्या वेंकटेशचं स्थळ आलं ते नेमकं आयातीवरचे परवाने उठले त्या वर्षांत. मुलगा आपल्यातला, मराठी बोलणारा. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर त्याची छोटी भट्टी होती. बाहेरून कथलाचं खनिज आणून तो सांधे जोडायच्या डाखाच्या कांड्या करायचा. हरिताला तो पहिल्याच भेटीत आवडला. मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन तिने तसं सांगितलं, तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

बाहेर वेंकटेश भोळेपणाने बोलून गेला, "मामा, माझी एक खेप मद्रासला अडकलीय. कस्टम्सवाले हे खनिज नव्हे, मळी आहे म्हणतात."

मामांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. कस्टम्सवाल्याची मुलगी याला आत्ताच का सुचली?

पुढच्या रविवारी वेंकटेशने आपण होऊन नमुन्याची पुडी आणून दिली. मामांनी विजेरीतला जुना सेल फोडला, त्याचं जस्ताचं कवच पसरून त्यावर काळे दाणे ठेवले आणि न्हाणीघर धुण्याचं ॲसिड घातलं. खरं खनिज असेल तर दाण्यावर कथलाचा चंदेरी मुलामा चढतो. चढला. दाणे देखणे दिसत होते. हरिता ते पुडीत परत घालायला गेली, तर मामा म्हणाले, "ते टाकून दे. तपासलेला दाणा पोत्यांत परत जात नाहीं."

माझा जीव भांड्यात पडला, मामांचा नाही. "नमुना मालकाने आणायचा नसतो, अधिकाऱ्याने काढायचा असतो," म्हणाले, आणि न कळवता बसने ओरत्तनाडूला जाऊन थडकले. आधीच्या खेपेच्या पोत्यांच्या पार तळात हात घालून आले. तेही दाणे चंदेरी झाले.

इथे तरी थांबावं की नाही? पण हा मनुष्य हात धुऊन मागे लागलेला. आता पोत्यांवरून माणसावर आले. हरिताला शिकवणी सुरू झाली: माल कोणाकडून घेतोस ते विचार, मग आठवड्याने तेच फिरवून विचार, उत्तर जुळतं का बघ. बोलताना हात कुठे असतात बघ. वेंकटेश यायचा, मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ आणायचा, आणि हरिता त्याच्याशी बोलत बसायची. म्हणजे बोलत नव्हती, पडताळत होती. मी मामींना म्हटलं, थांबवा हे. मामी म्हणाल्या, "लग्नाआधीं हे माझ्या माहेरींही असेच न कळवतां आले होते. मीही चालवून घेतलं." मला दोघांचाही राग आला.

शेवटी बंदरातल्या प्रयोगशाळेनेही माल खनिजच ठरवला. खेप सुटली. वेंकटेशने मामांकडे कधी एका शब्दाची शिफारससुद्धा मागितली नव्हती. मामा खूश होऊन घरभर फिरत होते. "पोर चोख आहे! मुहूर्त बघायला सांगतों."

"नको, अप्पा," हरिता म्हणाली.

"कां? तो खोटा नाहीं म्हणून आतां मीच सांगतों की."

"होय. मलाही ठाऊक. एकदांही खोटं बोलला नाहीं." ती खांबाला टेकून उभी होती. "पण काल त्याने विचारलं, जेवलीस की? तर मी मनांत म्हटलं, हें कां विचारतो. अय्यो, जेवलीस की म्हणून विचारणाऱ्यावर कोणी शंका घेतं का? आतां मला त्याच्याकडे साधं बघतांच येईना. तो चांगला आहे, अप्पा. त्याला असली बायको कशाला?"

मामी रडू लागल्या. मामांनी हरिताकडे टक लावून पाहिलं, आयुष्यभर मालाकडे पाहिलं तसं, पुष्कळ वेळ. मग नजर खाली घातली. तिच्या बोलण्यावर त्यांना यत्किंचितही शंका राहिली नव्हती.