नानांच्या वल्ह्यावरची खाच

धुळ्याच्या ऑफिसात पोस्टकार्ड आलं, दोनच ओळींचं. 'नाना गेले. दहाव्याला या.' मी भडगावला नोकरीत होतो तेव्हापासूनचे आमचे नाना... धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवणारे, आणि मुंबई-इंदूरहून गळ घेऊन येणाऱ्या शौकिनांचे वाटाडे. पाण्याच्या रंगावरून त्यांना मासा कुठे आहे ते कळे, म्हणून पाहुणे आधी त्यांनाच गाठत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाला देव करायची आपल्याला खोड आहे. एका आषाढात नानांनीच पाहुण्यांना बोराचा नाला दाखवला. नाल्याला पाणी आलं की राहू मासा अंडी घालायला तिथून वर चढतो. पाहुण्यांनी गळ बाजूला ठेवले, जाळी लावली आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या पोत्यांनी नेल्या. पुढची दोन वर्षं गावाची जाळी रिकामी वर आली. भावकीने नानांना तोंडावर बोल लावले.

मग नानांनी मासा मोजायला वल्ह्यावर विळ्याने खाच पाडली. वल्ह्याच्या टोकापासून खाचेपर्यंत न पुरणारा आखूड मासा परत पाण्यात, आणि आषाढ-श्रावणात होडी काठावर पालथी. मुंबईच्या एका बड्या साहेबांनी आखूड मासा पिशवीत टाकला, तर नानांनी तो काढून सोडून दिला. साहेब तापले.

"धरण तुमनं नही, मनं बी नही," नाना म्हणाले. "मासास्नं शे." धरण माशांचं, एवढाच त्यांचा हिशेब.

"मी दुसरा वाटाड्या बघतो."

"दखा ना, भाऊ."

हळूहळू मासा परतला, पण बोराच्या नाल्यात नाही, दुसऱ्याच एका ओघळीत. ती नानांनी फक्त मला दाखवली. मला धड गळही टाकता येत नाही, हेच कारण असावं.

दहाव्याला तेच साहेब आले होते. "नंबर एक गाइड, पण हेकट," म्हणाले. हेकट होते, म्हणूनच तर धरणात मासा उरला! जरा वेळाने साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आता मासा कुठे चढतो, तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "सांगणार नाही."

निघताना नानांच्या मुलीने ते वल्हं माझ्या हातात दिलं. धुळ्यात माझ्या दाराआड ते उभं असतं... येणारे-जाणारे हसतात, हसू देत. परवा आषाढ लागला, नानांची होडी पालथी व्हायचे दिवस, तेव्हा मी ते भिंतीकडेला आडवं करून ठेवलं. साहेबांची दोन पत्रं आली आहेत. उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही.